जपानी पटाशीचं 'पाणी'

ऑनलाइन लिलावात जुन्या जपानी पटाश्या (तिकडे त्यांना नोमी म्हणतात) 'सामुराई पोलाद' असं सांगून वाट्टेल त्या भावाने विकल्या जातात. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि काही तलवारकार सुतारी हत्यारांकडे वळले, एवढं खरं. पण त्यानंतरच्या कितीतरी पटाश्यांचं पोलाद परदेशातून आलेलं किंवा जपानी कारखान्यात वितळवलेलं आहे. त्यात कुणाचा आत्मा वगैरे नाही. कार्बन आहे.

पटाशीच्या उतरत्या तोंडावर दोन रंग दिसतात: बराचसा भाग मंद राखाडी आणि धारेपाशी चकाकती बारीक पट्टी. राखाडी ते मऊ लोखंड, चकाकतं ते एक टक्क्याच्या आसपास किंवा थोडा जास्त कार्बन असलेलं पोलाद. मध्ये टाकणखार (बोरॅक्स) टाकून, तापवून, हातोड्याखाली दोन्ही एकजीव केलेले असतात.

मग पाणी द्यायचं, म्हणजे लाल तापवून एकदम पाण्यात बुडवायचं. इथे खरी गंमत आहे. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाचे अणू आपली रचना बदलू लागतात आणि नव्या रचनेत कार्बनला भरपूर जागा मिळते. सावकाश थंड केलं तर कार्बन बाहेर पडून लोखंडाशी वेगळं संयुग करतो. पाण्यात बुडवलं की त्याला तेवढा वेळच मिळत नाही, गर्दीच्या लोकलमध्ये उतरता न आलेल्या प्रवाशासारखा तो आतच अडकतो. लोखंडाच्या अणूंची घनाकार जाळी एका दिशेने ताणली जाते, अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात आणि कडकपणा येतो तो हिच्यामुळे. शेजारच्या लोखंडालाही तीच भट्टी, तेच पाणी, पण त्यात अडकायला कार्बनच नाही, म्हणून ते मऊच राहतं.

कडकपणा मोजायच्या रॉकवेल 'सी' मापावर अशी धार साधारण ६२ ते ६५ भरते. नुसत्या एवढ्या कडक पोलादाची पटाशी हातोडीच्या घावाने मोडायची भीती. इथे हादरे लोखंड झेलतं, शिवाय निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) कडक भाग थोडाच घासावा लागतो. पाठ मात्र सगळी पोलादी, म्हणून ती मधे खोलगट ठेवतात. सपाट करायच्या त्या फक्त कडा.

जुनी पटाशी घेताना लोहाराचा शिक्का बघण्याआधी पात्याची उरलेली लांबी बघा. धारेजवळ निळसर झाक दिसली तर कुणीतरी ती ग्राइंडरवर तापवलेली असते. सुमारे ३०० अंशांच्या त्या उष्णतेत अडकलेला कार्बन सुटू लागतो. तेवढा भाग घासून काढावा लागतो, किंवा पुन्हा पाणी द्यावं लागतं.