ठाकरे घराणे: खुर्चीबाहेरची सत्ता

मुंबईच्या राजकारणातील ठाकरे घराण्याची सुरुवात छापखान्यात झाली. पनवेलला १८८५ मध्ये जन्मलेल्या केशव सीताराम ठाकरे यांनी १९२१ मध्ये ‘प्रबोधन’ हे पाक्षिक काढले आणि त्यातून हुंडा, जातिभेद व भिक्षुकशाही यांवर असे आसूड ओढले की ‘प्रबोधनकार’ हीच त्यांची ओळख झाली.

त्यांचे पुत्र बाळासाहेब यांनी ‘फ्री प्रेस जर्नल’मधील व्यंगचित्रकाराची नोकरी सोडली आणि १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ हे साप्ताहिक सुरू केले. त्याचे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले. महाराष्ट्र राज्य नुकतेच स्थापन झाले होते; पण राजधानीतील नोकऱ्यांत मराठी माणूस कुठे आहे, हा प्रश्न ‘मार्मिक’ने लावून धरला आणि ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली कार्यालयांतील अमराठी अधिकाऱ्यांची नावे ओळीने छापली. टीकाटिप्पणीपेक्षा त्या नुसत्या याद्याच अधिक बोचत असत. १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेला पहिले अनुयायी मिळाले ते या वाचकांतूनच, आणि संघटनेचे नावही प्रबोधनकारांनीच सुचवले.

बाळासाहेबांनी स्वतः कधीच निवडणूक लढवली नाही. नळाला पाणी नाही, शाळेत प्रवेश मिळत नाही, रुग्णवाहिका हवी, अशा कामांसाठी गल्लीतल्या शाखेची पायरी चढणारा माणूस हेच त्यांचे खरे बळ होते; १९८५ मध्ये महापालिका हाती आली आणि १९९५ मध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, तरी अखेरचा शब्द ‘मातोश्री’चाच राहिला. भिक्षुकशाहीवर तुटून पडणाऱ्या प्रबोधनकारांचा वारसा आणि पक्षाने पुढे स्वीकारलेले हिंदुत्व यांचा मेळ मात्र या घराण्याने सोयीपुरताच घातला, असे म्हणावे लागते.

बाळासाहेबांचे पुतणे राज ठाकरे यांनी २००६ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन केली. २०१९ मध्ये बाळासाहेबांचे नातू आदित्य वरळीतून विधानसभेवर गेले आणि आदित्य यांचे वडील उद्धव मुख्यमंत्री झाले, तेव्हा घराणे प्रथमच थेट सत्तापदावर आले. २०२२ मध्ये पक्ष फुटला. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. शाळांत पहिलीपासून हिंदी शिकवण्यासंबंधीचे शासन निर्णय सरकारने मागे घेतल्यानंतर, ५ जुलै २०२५ रोजी, उद्धव आणि राज वरळीत एका व्यासपीठावर आले ते मराठीच्याच मुद्द्यावर.