अर्थ लावणारा निबंध (बी.ए. मराठी, सोलापूर)

एखादी कविता, अभंग किंवा कथा घेऊन तिचा एक अर्थ मांडायचा आणि तो तसाच का लागतो हे त्यातल्याच शब्दांच्या आधारानं दाखवायचं, असा बी.ए.च्या पोरांना लिहावा लागणारा निबंध. वर्गात याला सरसकट रसग्रहणच म्हणतात, कधी आस्वादक समीक्षा, आणि पोरं नुसतं 'असाइनमेंट' म्हणून मोकळी होतात. मराठीत अर्थ सांगणं वेगळं आणि अर्थ लावणं वेगळं, सगळी गोम इथंच आहे. सांगितलेला अर्थ गाइडमध्ये मिळतो, लावायचा मात्र आपला आपल्यालाच लावावा लागतो.

'रसग्रहण' शब्दातला रस भरताच्या नाट्यशास्त्रापर्यंत मागं जातो. वर्गातली पद्धत मात्र बरीचशी विसाव्या शतकातल्या इंग्रजी समीक्षेतून आली. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२० च्या दशकात केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या, त्यांनी लिहिलेलं गोळा केलं आणि १९२९ ला पुस्तकात छापलं, त्यात चांगल्या चांगल्या हुशार पोरांनी साध्या ओळींचा अर्थ भलताच लावलेला दिसतो (हे वाचून आपल्याकडच्या एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) पोरांना जरा धीर येतो). १९४६ ला विमसॅट आणि बिअर्डस्ली या अमेरिकन अभ्यासकांनी म्हटलं की कवीच्या मनात काय होतं हा कविता तपासायचा निकष होऊ शकत नाही. आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत अजूनही दर दुसरं वाक्य 'येथे कवीला असे म्हणायचे आहे की' असंच सुरू होतं, ते सोडा.

खरी अडचण दहावीपासूनची आहे. कुमारभारतीत रसग्रहण म्हणजे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे, तिन्ही भरले की मार्क पक्के. शाळेपुरतं ते ठीक आहे, पण तोच साचा टीवायपर्यंत (तिसऱ्या वर्षापर्यंत) येतो आणि मग कुठलीही कविता असो, तिची भाषा 'साधी, सोपी, ओघवती' निघते आणि शेवटी ती मानवतेचा संदेश देते.

एक उदाहरण घेऊ, आपल्याच जिल्ह्यातलं. चोखामेळा मंगळवेढ्याचे, १३३८ ला तिथंच गावकुसाची भिंत कोसळून गेले आणि समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी. त्यांचा 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा' हा अभंग सगळ्यांना पाठ असतो. डोंगा म्हणजे वाकडा. गाइडमधलं उत्तर एका ओळीचं: बाह्यरूपापेक्षा अंतरंग महत्त्वाचं. चूक नाहीये, पण हे अभंग न वाचतासुद्धा लिहिता येतं.

आता नीट बघा, पुढं कमान येते (ती डोंगी, तीर नाही), मग नदी (ती डोंगी, जळ नाही), आणि चौथ्या ठिकाणी चोखा स्वतः, तो डोंगा पण त्याचा भाव नाही. रस उसातून काढायचा तर ऊस चरकात घालून पिळावा लागतो. तीर कमानीतून सुटून लांब जातो. पाणी मात्र नदीतच राहतं आणि नदी वळेल तसं वळतं, म्हणजे तिथं 'जळ वाकडं नाही' हे डोळ्यांना पटत नाही, अडतं. मग चोख्याचा भाव यातल्या कशासारखा, पिळल्यावर निघणारा, सुटून जाणारा की वाकड्या पात्रातच वाहणारा? इथून पुढं पोरानं बाजू घ्यायची आणि लढवायची, निबंध इथं सुरू होतो. आणि जे आपल्या बाजूला बसत नाही ते दडवायचं नाही, त्यालाच आधी हात घालायचा. उदाहरणार्थ वाकडेपण आकाराचं असतं मग 'रंगा' कुठून आलं, आणि 'भुललासी' हा तू नक्की कोण, देव, बडवा की वाचणारा?

चोखोबांचं चरित्र इथं येऊ शकतं, यायलाच पाहिजे कारण महाद्वाराबाहेर उभं राहणाऱ्या माणसानं स्वतःला 'डोंगा' म्हणणं साधं नाही. पण पोरं चारपैकी तीन पानं चरित्रात घालवतात आणि अभंग राहतो बाजूला.

सोलापूरच्या वर्गात एक मजा होते जी दुसरीकडं सहसा होत नाही. अर्ध्या बाकांवर घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी पोरं. कन्नडमध्ये 'डोंकु' म्हणजे वाकडाच, आणि तो शब्द बसवण्णांच्या (महात्मा बसवेश्वरांच्या) एका प्रसिद्ध वचनातही आहे, बसवण्णाही काही काळ मंगळवेढ्यातच होते. त्यामुळं अक्कलकोटकडच्या पोरीला हा शब्द शिकवावा लागत नाही. तेलुगूत 'दोंग' म्हणजे चोर, त्यामुळं शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या एखाद्याला 'चोखा डोंगा' वाचून आधी दचकायलाच होतं. हे निबंधात घालावं का? माझ्या मते जरूर, पण डोंगा शब्द कन्नडमधूनच आला असं ठोकून द्यायचं नाही, कानाला काय वाटलं आणि त्यानं वाचन कसं हललं एवढंच लिहायचं.

बाकी व्यवहार सोपा. विद्यापीठ २००४ पासून सोलापूरचं स्वतंत्र आहे, त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडं होती, पण निबंधाची रीत दोन्हीकडं सारखीच: फुलस्केप, निळा पेन, समासाची रेघ, वर हजेरी क्रमांक. सबमिशनच्या आदल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात एकाच निबंधाच्या पाच कॉप्या निघतात आणि सरांना त्या ओळखू येतात, कारण पाचही जणांनी 'नोहे'चं 'नाही' करून ठेवलेलं असतं. मग तोंडी परीक्षेत एकच प्रश्न, 'का बे, नदीचं पाणी वाकडं का नाही?'