ड्राय नीडलिंग प्रशिक्षणाचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि पुढची प्रक्रिया

ड्राय नीडलिंगच्या, म्हणजे दुखऱ्या स्नायूत औषधाविना बारीक सुई घालून करायच्या उपचाराच्या, कोर्सबद्दल विचारणा करणारे बहुतेक जण आधी फी आणि तारखा विचारतात. त्याआधी पाहायची गोष्ट वेगळी आहे: तुमच्या नोंदणीनुसार रुग्णाच्या त्वचेखाली सुई घालायला तुम्हाला परवानगी आहे का? कोर्सचं प्रमाणपत्र तुम्ही काय शिकलात एवढंच सांगतं. सुई वापरण्याचा अधिकार तुमची नोंदणी परिषद आणि तुम्ही जिथे काम करता तिथला कायदा देतो. एका देशातसुद्धा हे नियम सारखे नसतात. अमेरिकेत मेरीलँड राज्यात फिजिओथेरपिस्टला यासाठी किमान ८० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, तर कॅलिफोर्नियात फिजिओथेरपिस्टला ड्राय नीडलिंग करताच येत नाही. म्हणून परिषदेला लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या आणि ते अर्जाला जोडा. फोनवर कुणीतरी 'चालेल' म्हणालं, याला पुढे काही वाद झाला तर किंमत नसते.

पात्रतेच्या अटी इतक्या कडक का, ते या उपचाराच्या स्वरूपातून कळतं. ही सुई ट्रिगर पॉइंटमध्ये घालतात. ट्रिगर पॉइंट म्हणजे ताणलेल्या स्नायूच्या पट्ट्यातली दुखरी जागा, जिला रुग्ण साधेपणाने 'गाठ' म्हणतो. ती दाबली की दुखणं तिथेच थांबत नाही, दूरवरही जाणवतं. खांद्यावरच्या गाठीने कानशील ठणकतं, नितंबातल्या गाठीने पाय दुखतो. अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी दुखणं असं कुठून कुठे जातं याचे नकाशे तयार केले. त्या अशा जागी औषधाचं इंजेक्शन देत. पुढे १९७९ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे डॉ. कारेल लेविट यांनी २४१ रुग्णांच्या अनुभवावरून लिहिलं की बराचसा आराम औषधाचा नसून सुईचाच असतो. औषध नाही म्हणून सुई कोरडी, आणि म्हणून नाव ड्राय नीडलिंग. सुई बारीक आणि भरीव असते, पण स्नायूच्या पलीकडे फुफ्फुस, रक्तवाहिन्या आणि नसा आहेत, याचा विसर पडून चालत नाही.

त्यामुळे शरीररचनेचं पदवीपातळीवरचं शिक्षण आणि रुग्ण तपासण्याचा अधिकार असलेल्यांनाच प्रवेश मिळतो. यात प्रामुख्याने फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर येतात. स्थानिक कायदा मान्य करत असेल तिथे ऑस्टिओपॅथ आणि कायरोप्रॅक्टर (दोघेही सांधे, मणके आणि स्नायूंवर हाताने उपचार करणारे), खेळाडूंसोबत काम करणारे अ‍ॅथलेटिक ट्रेनर आणि जबड्याच्या स्नायूंपुरते दंतवैद्यही अर्ज करू शकतात. पदवीनंतर काही काळाचा अनुभव मागणाऱ्या संस्था आहेत, आणि माझ्या मते ती अट योग्यच आहे. हाताने गाठ नीट सापडत नसेल तर सुईनेही सापडणार नाही.

मसाज थेरपिस्टना बहुतेक ठिकाणी सुईची परवानगी नसते. त्यांच्यासाठी ट्रिगर पॉइंट थेरपीचा हातांनी करायचा भाग वेगळा शिकवला जातो: गाठीवर हळूहळू दाब वाढवणं, तो धरून ठेवणं आणि मग स्नायूला ताण देणं. तो अर्ज वेगळा असतो आणि त्याची कागदपत्रंही कमी लागतात. हा भाग दुय्यम समजू नका. सुईची भीती असलेल्या रुग्णाला हेच उपयोगी पडतं.

कागदपत्रांत पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि फोटो हे नेहमीचं. अर्ज अडकतात ते दुसऱ्या कागदांवर. नोंदणी प्रमाणपत्राची मुदत कोर्सच्या शेवटच्या दिवसापर्यंत असायला हवी. नूतनीकरण जवळ आलं असेल तर आधी ते करून घ्या. लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदललं असेल तर पदवी आणि नोंदणी यांवरची नावं जुळत नाहीत, अशा वेळी नावबदलाचा पुरावा सोबतच द्या. व्यावसायिक विम्याच्या पत्रात ड्राय नीडलिंगचा स्पष्ट उल्लेख लागतो. 'फिजिओथेरपी सेवा' एवढंच लिहिलेलं पत्र संस्था परत पाठवते. प्राथमिक उपचार आणि सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून देण्याच्या उपचाराचं) चालू प्रमाणपत्रही बऱ्याचदा मागतात.

हिपॅटायटिस बी लसीकरणाचा दाखला शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. नेहमीच्या वेळापत्रकाने तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. काही संस्था त्यानंतरची प्रतिपिंडांची रक्ततपासणीही मागतात. तिच्यात १० किंवा त्याहून जास्त एककं (mIU/mL) आली तर संरक्षण पुरेसं मानलं जातं. कोर्स पुढच्या वर्षी करायचा असला तरी लस आजच सुरू करा.

सगळ्यात जपून भरायचा कागद म्हणजे आरोग्याचं स्वयंघोषणापत्र. या कोर्सला विद्यार्थी एकमेकांवर सुई चालवायला शिकतात, म्हणजे तुम्ही तिथे उपचार करणारेही आहात आणि रुग्णही. रक्त पातळ करणारी गोळी, रक्तस्रावाचा आजार, गरोदरपण, कमी झालेली प्रतिकारशक्ती, लिम्फ हा शरीरातला द्रव साठून आलेली हातापायाची सूज, निकेलची अ‍ॅलर्जी, पेसमेकर, सुई पाहून चक्कर येण्याची सवय, यातलं काहीही असेल तर लिहा. लिहिलं म्हणून प्रवेश सहसा नाकारला जात नाही. तुमच्यावर सुई चालवली जात नाही किंवा ठरावीक भाग टाळला जातो, इतकंच. लपवलं तर धोका तुमच्यासोबत सरावाला बसलेल्या सहकाऱ्यालाही असतो, कारण काही बिघडलं तर सुई त्याच्या हातात असते. प्रवेश जाईल या भीतीने हा कागद कोरा सोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

अर्ज मंजूर झाला की आधी घरी अभ्यासाचं साहित्य येतं: शरीररचना, सुई कधी वापरू नये ते, जंतुसंसर्ग टाळण्याचे नियम. मग प्रत्यक्ष वर्ग. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतील, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. सुई धरलेल्या प्रत्येक हाताकडे शिक्षकाचं लक्ष जायला हवं. पूर्णपणे ऑनलाइन शिकवणाऱ्या कोर्सला अर्जच करू नका. सुई स्नायूत शिरताना होणारा स्पर्श आणि गाठीला लागल्यावर स्नायूने मारलेली उडी पडद्यावर पाहून कळत नाही.

पहिल्या टप्प्यात बहुधा हात, पाय, नितंब असे तुलनेने सुरक्षित स्नायू असतात. छातीच्या आसपासचे आणि मानेचे अवघड स्नायू पुढच्या टप्प्यात येतात, आणि दोन टप्प्यांच्या मधे प्रत्यक्ष केलेल्या उपचारांची नोंदवही दाखवावी लागते. परीक्षा लेखी असते आणि प्रात्यक्षिकही. प्रात्यक्षिकात फुफ्फुसाची सीमा चुकली तर बाकी कितीही चांगलं केलं तरी नापास करतात. ते बरोबरच आहे, कारण सुईने फुफ्फुसाला छिद्र पडणं ही या उपचारातली सर्वांत गंभीर गुंतागुंतींपैकी एक आहे.

प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याची प्रत परिषदेला आणि विमा कंपनीला पाठवा. वापरलेल्या सुयांसाठी न टोचणारा डबा आणि तो कचरा उचलणाऱ्या सेवेची व्यवस्था करा. ड्राय नीडलिंगसाठी वेगळं संमतीपत्र तयार करा, त्यात एक-दोन दिवस राहणारी ठणक, काळंनिळं होणं आणि फुफ्फुसाचा धोका हे तिन्ही स्पष्ट लिहा. विमा कंपनीचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत पहिल्या रुग्णाला वेळ देऊ नका.