कोंबडी घरचीच, मसाला बारा आण्यांचा : टू-वे चार्जरच्या खर्चामागची गोष्ट

गाडीच्या बॅटरीतली वीज घराला परत द्यायची, या कल्पनेचं सगळं बळ सुरुवातीपासून एकाच गोष्टीत होतं: बॅटरीचे पैसे गाडी घेतानाच मोजून झालेले असतात. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे विलेट केम्प्टन यांनी स्टीव्हन लेटेंड्रे यांच्यासोबत एक निबंध लिहिला. गाड्या दिवसाचा बहुतेक वेळ नुसत्या उभ्या असतात, मग उद्या त्या विजेवर चालू लागल्या तर त्यांच्या पोटातली वीज वीजकंपन्यांनी का वापरू नये, असा त्यांचा प्रश्न होता. तेव्हा रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या शोधूनच सापडल्या असत्या. बॅटरी जवळपास फुकटची, हा मुद्दा मात्र तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक जाहिरातीत आहे.

आपल्याकडे म्हणतात, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इथे कोंबडी तर घरचीच. गेल्या पंचवीसेक वर्षांचा सगळा झगडा मसाल्याचा, म्हणजे वीज दोन्ही दिशांना नेणाऱ्या टू-वे चार्जरचा आहे.

गंमत म्हणजे पहिल्या प्रयोगात हा मसालाही स्वस्तच होता. कॅलिफोर्नियातल्या एसी प्रोपल्शन नावाच्या छोट्या कंपनीने २००२ च्या सुमाराला एक फोक्सवॅगन बीटल विजेवर चालवून तिच्यातून ग्रिडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याला, वीज परत देऊन दाखवली. अॅलन कोकोनी या तिथल्या अभियंत्याची युक्ती अशी, की मोटर फिरवायला गाडीत जो इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारं यंत्र) असतोच, त्यालाच गाडी उभी असताना चार्जरचं काम द्यायचं. तोच इन्व्हर्टर वीज आत घेणार, तोच बाहेर सोडणार. भिंतीवर वेगळं यंत्र नको. पुढे टेस्लाने पहिल्या रोडस्टरसाठी या कंपनीचं चार्जिंगचं तंत्र परवान्यावर घेतलं, पण विजेचा उलटा प्रवास गाडीत आला नाही. इतर मोठ्या कंपन्यांनीही गाडीत बसवलेला चार्जर एकतर्फीच ठेवला. एका दिशेचं यंत्र हलकं, स्वस्त, आणि वॉरंटीची कटकट कमी.

घरी भिंतीवर जो 'चार्जर' लावतात तो खरं तर चार्जर नसतोच. ती एक शहाणी बटणपेटी असते. अर्थिंग नीट आहे का, केबल बसली आहे का, किती अँपिअर ओढायचे, एवढं ती गाडीला सांगते आणि घरातला एसी प्रवाह जसाच्या तसा आत सोडते. त्याचा डीसी, म्हणजे बॅटरीला चालणारा एकाच दिशेचा प्रवाह, करण्याचं काम गाडीतल्या चार्जरचं. हा आतला चार्जर एकतर्फी असेल, तर बॅटरीतला डीसी बाहेर काढून त्याचा ग्रिडच्या तालात चालणारा एसी करणारं यंत्र गाडीबाहेर, भिंतीवर आणावं लागतं. म्हणजे सोलर पॅनेलला लागतो तशा जातीचा, सहा-सात किलोवॉटचा, दोन्ही बाजूंनी चालणारा इन्व्हर्टर. साधी पेटी आणि टू-वे पेटी दिसायला बहिणी-बहिणी. किमतीत मात्र स्कूटर आणि मोटारगाडीचं अंतर.

हे यंत्र घरोघर विकायला काढलं ते जपानने, आणि त्यामागे ११ मार्च २०११ होता. भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा. वीज केंद्रं बंद पडली आणि टोकियोच्या परिसरात वेळापत्रक लावून भारनियमन करावं लागलं. पश्चिम जपानमध्ये वीज होती, पण ती पूर्वेला पाठवता येईना. कारण जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जनित्रं जर्मनीहून आणली ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनांची), ओसाकाने अमेरिकेहून आणली ६० हर्ट्झची, आणि देश कायमचा दोन तालांत वाटला गेला. मधल्या बदल केंद्रांतून २०११ मध्ये फार तर हजार-बाराशे मेगावॉट इकडून तिकडे जाऊ शकत होते. अशा देशात घरापुरती वीज दारात साठवलेली असणं याला वेगळीच किंमत येते.

त्या दिवसांत आपत्तीग्रस्त भागात पेट्रोल मिळेना, पण काही ठिकाणी वीज त्याआधी परतली होती. निसान आणि मित्सुबिशीच्या इलेक्ट्रिक गाड्या मदतीला धावल्या. गाडी पळत होती, पण तिच्या बॅटरीवर साधा भात शिजवायची सोय नव्हती. हे शल्य कंपन्यांना बोचलं असणार, कारण पुढच्याच वर्षी मित्सुबिशीने १५०० वॉटचा एक छोटा पॉवर बॉक्स काढला, आणि निसानने निचिकॉन या कंपनीकडून ६ किलोवॉटचं 'ईव्ही पॉवर स्टेशन' बनवून घेतलं. लीफ गाडीतली २४ युनिट वीज साधारण जपानी घराला दोन दिवस पुरेल, असं निसान सांगत होती. सरकारी अनुदान वजा जाता, बसवण्याच्या मजुरीसकट, ते ग्राहकाला सुमारे ३ लाख ३० हजार येनला पडत होतं.

'अनुदान वजा जाता' हे शब्द महत्त्वाचे. टू-वे चार्जरची जाहीर किंमत कुठेही वाचली तरी पहिला प्रश्न हाच विचारावा, की उरलेलं कोणी भरलं.

जपानला एक गोष्ट आयती मिळाली होती. तिथली शाडेमो ही चार्जिंगची पद्धत. (नावात श्लेष आहे: जपानीत 'तेवढ्यात चहा घेऊ या का' असं काहीसं ते ऐकू येतं.) शाडेमोचा प्लग थेट बॅटरीच्या डीसीला भिडतो, आणि विजेची उलटी वाट त्या पद्धतीत लवकर बसवता आली. त्यामुळे पुढची जवळजवळ दहा वर्षं जगात घरगुती टू-वे चार्जर म्हटलं की बहुधा दारात लीफच उभी असायची.

खर्चाचा दुसरा पदर वायरमनच्या जिवाशी बांधलेला आहे. ग्रिडची वीज गेली असताना तुमचं घर गाडीवर चालू राहिलं आणि ती वीज मीटरमधून उलटी रस्त्यावरच्या तारांत गेली, तर डीपीवर काम करणारा माणूस दगावू शकतो. म्हणून नियम असा, की ग्रिड गेली की ग्रिडला जोडलेलं प्रत्येक यंत्र आपोआप बंद पडलं पाहिजे. मग अंधारात घर चालवायचं असेल तर आधी घर ग्रिडपासून पूर्ण तोडणारा स्विच हवा, जो स्वतःच तोडेल आणि वीज आली की स्वतःच जोडेल. जनरेटर लावलेल्या दुकानांत हाताने फिरवायचा चेंजओव्हर असतो, त्याचा हा महागडा स्वयंचलित भाऊ.

अमेरिकेत हा भाऊ सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्ससमधली ४५ लाखांवर घरं अंधारात गेली, तेव्हा फोर्डच्या हायब्रिड ट्रकमधल्या जनरेटरवर लोकांनी हीटर चालवले. त्याच वर्षी मे महिन्यात फोर्डने एफ-१५० लाइटनिंग हा इलेक्ट्रिक ट्रक दाखवला आणि ९.६ किलोवॉटने अख्खं घर चालवण्याचं वचन दिलं. वचनाचं बिल नंतर आलं. भिंतीवरचा चार्जर १,३१० डॉलर. घर तोडणारी-जोडणारी सगळी यंत्रणा ३,८९५ डॉलर. दोन्ही मिळून ५,२०५, म्हणजे साडेचार लाख रुपयांच्या घरात, आणि यात इलेक्ट्रिशियनची मजुरी नाही. अमेरिकेतल्या जुन्या घरांची मुख्य पाटी, म्हणजे जिथून सगळ्या खोल्यांना वीज फुटते ती पेटी, बरेचदा एवढा भार घेत नाही. ती बदलायची म्हणजे आणखी काही हजार. जनरल मोटर्सने पुढे आपला संच काढला तो ७,२९९ डॉलरला, मजुरी पुन्हा वेगळी. माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात फसवा शब्द 'संच' हा आहे. संचात सगळं असतं, फक्त तुमचं घर नसतं.

इथे आपल्याकडच्या गाड्यांबद्दल एक खुलासा. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीमध्ये सप्टेंबर २०२३ पासून, किंवा ह्युंदाईच्या आयोनिक ५ मध्ये, जी सोय आहे ती गाडीतून उपकरण चालवण्याची. मिक्सर, पंखा, लग्नाच्या मांडवातला स्पीकर, हे सगळं चालतं, आणि त्यासाठी भिंतीवर काहीच लागत नाही. घराच्या वायरिंगला ती वीज जोडणं हे वेगळं प्रकरण. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून सॉकेटमधून घरात वीज सोडण्याचे व्हिडिओ फिरतात. ते पाहून कुणी तसं करू नये. वर सांगितलेला वायरमन आपल्याच गल्लीत खांबावर चढलेला असतो. ग्रिडला वीज परत देण्याचे प्रयोग भारतात आता कुठे सुरू होत आहेत. केरळच्या वीज मंडळाने त्यासाठी पवईच्या आयआयटीला सोबत घेतलं आहे.

एवढा खर्च भरून येतो का, याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर ब्रिटनमध्ये मिळालं. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने या तंत्राच्या प्रयोगांसाठी सुमारे ३ कोटी पौंड दिले. त्यातल्या 'स्क्युरस' या प्रकल्पात ओव्हो या वीज कंपनीने तीनशेवर घरांत लीफच्या मालकांना टू-वे चार्जर बसवून दिले, आणि तेही फुकट. (स्क्युरस म्हणजे लॅटिनमध्ये खार. साठवून ठेवणारी. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी.) २०२१ मध्ये हिशेब जाहीर झाला: साध्या स्मार्ट चार्जरपेक्षा टू-वे चार्जर बसवून सुमारे ३,७०० पौंडांनी महाग, आणि रात्रीची स्वस्त वीज भरून संध्याकाळी महाग दराने परत देण्यातून वर्षाची कमाई ३४० पौंडांच्या आसपास. भागाकार कुणालाही येतो. जवळपास अकरा वर्षं. तोवर यंत्रच म्हातारं होतं. ग्रिडचा तोल सांभाळण्याच्या सेवेतून आणखी पैसे मिळू शकतात, पण तिथला भाव बाजार ठरवतो आणि बाजारात बॅटऱ्यांची गर्दी झाली की तो उतरतो.

त्यात परवान्याचा पदर. ब्रिटनमध्ये एका फेजला १६ अँपिअरपर्यंत वीज परत देणारं यंत्र बसवून मग कळवलं तरी चालतं. त्यापुढे आधी वितरण कंपनीची परवानगी लागते. सहा-सात किलोवॉटचा चार्जर सहज त्यापुढे जातो. अर्ज, तपासणी, थांबणं. आपल्याकडे सोलरच्या नेट मीटरसाठी ज्यांनी चकरा मारल्या आहेत त्यांना जास्त सांगायला नको.

दरम्यान प्लगच बदलला. २०२० मध्ये निसाननेच आरिया ही नवी गाडी युरोप-अमेरिकेसाठी शाडेमो सोडून सीसीएस या दुसऱ्या पद्धतीच्या प्लगवर नेण्याचं ठरवलं. ज्यांनी हजारो खर्चून शाडेमोचे टू-वे चार्जर लावले होते, त्यांच्या भिंतीवरची पेटी एका मरू घातलेल्या प्लगशी बांधली गेली. आणि सीसीएसमध्ये वीज उलटी देण्याची सर्वमान्य भाषा, आयएसओ १५११८-२० हे मानक, यायला २०२२ उजाडलं. स्पेनच्या वॉलबॉक्स कंपनीच्या यंत्रांत हा बदल सरळ दिसतो: २०२० चा क्वासार शाडेमोचा, २०२२ मध्ये दाखवलेला क्वासार २ सीसीएसचा. मधल्या काळात कोणता चार्जर घ्यावा, याला धड उत्तर नव्हतं.

ऑस्ट्रेलियात तर यंत्र होतं, गाड्या होत्या, नियम नव्हता. तिथे पहिला क्वासार दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास जायचा. १३ फेब्रुवारी २०२४ ला व्हिक्टोरियात वादळाने मोठ्या वाहिन्यांचे मनोरे पाडले आणि एक मोठं वीज केंद्र बंद पडलं. तेव्हा कॅनबेरात ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या प्रयोगातल्या ५१ लीफपैकी जोडलेल्या १६ गाड्यांनी मिळून १०७ किलोवॉट वीज ग्रिडला दिली. त्या सरकारी ताफ्यातल्या गाड्या होत्या, घरातल्या नव्हेत, आणि १०७ किलोवॉट म्हणजे समुद्रात चिमूटभर मीठ. पण ग्रिड ढासळताना गाड्या आपोआप मदतीला आल्या, हे दिसलं. वर्ष संपायच्या आत तिथलं जोडणीचं मानक टू-वे चार्जरला सामावून घेण्यासाठी बदललं होतं.

मग २०२४ मध्ये रेनॉने फ्रान्समध्ये नवी रेनॉ ५ आणली, जिच्यात इन्व्हर्टर पुन्हा गाडीच्या आत गेला आहे. गाडीतलाच चार्जर दोन्ही दिशांना चालतो, भिंतीवरची पेटी पुन्हा जवळपास बटणपेटी होते. बावीस वर्षं आधीच्या त्या बीटलची आठवण यावी असंच हे. मेख एकच: इन्व्हर्टर भिंतीवर असतो तेव्हा तो एका देशाचे ग्रिडचे नियम पाळतो, तो चाकांवर बसला की गाडी विकायच्या प्रत्येक देशाचे नियम गाडीने पाळायचे. खर्च ग्राहकाच्या अंगणातून कारखान्यात गेला, एवढंच.

आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये ऑक्टोपस या वीज कंपनीने हा खर्च मासिक हप्त्यात नेला. बीवायडी डॉल्फिन गाडी, टू-वे चार्जर आणि गाडी भरण्याची वीज, सगळं मिळून महिना तीनशे पौंडांच्या आत. चार्जरची वेगळी किंमत त्या कागदावर नाही. त्याऐवजी अट आहे: महिन्यातून वीसेक वेळा, दर वेळी बारा तास, गाडी प्लगला लावून ठेवायची.