चेपलेल्या गोळीचं घनमूळ

स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर एक जुनं घर आहे. त्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीत तोफगोळा रुतलेला दिसतो. १७४५ साली बंडखोर राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टने शहर घेतलं, किल्ला मात्र सरकारी फौजेकडेच राहिला. तेव्हा किल्ल्यावरून राजपुत्राच्या मुक्कामाच्या रोखाने डागलेला हा गोळा, अशी कथा पर्यटकांना ऐकवतात. परवा एका परिचितांनी तिकडून त्याचा फोटो पाठवला, खाली तीच कथा. जास्त पटणारा खुलासा अगदीच घरगुती आहे: नळाचं पाणी. सतराव्या शतकाच्या अखेरीस शहराबाहेरच्या कोमिस्टन झऱ्यांचं पाणी नळाने शहरात आणलं. पंपाशिवाय ते किती उंच चढेल, ती पातळी म्हणजे हा गोळा. जोडलेल्या नळ्यांत पाणी एका पातळीला येतं, हा शाळेतलाच प्रयोग.

मग बंडाच्या खऱ्या खुणा कुठे पाहायच्या? इन्व्हर्नेसजवळ, कलॉडनच्या माळावर. त्यातल्या बहुतेक बोटाच्या पेराएवढ्या आहेत.

प्रसंग थोडक्यात. आपल्या वडिलांना ब्रिटनच्या गादीवर बसवण्यासाठी चार्ल्सने उभारलेलं बंड १६ एप्रिल १७४६ रोजी या माळावर तासाभराच्या आत संपलं. समोर ड्यूक ऑफ कंबरलंडची सरकारी फौज होती. बंडखोरांची, म्हणजे जॅकोबाइटांची, हजाराहून जास्त माणसं पडली. सरकारी बाजूने मेलेल्यांचा अधिकृत आकडा ५०. नंतर शेती झाली, झाडं लावली गेली, थडग्यांवरून रस्ताही गेला. लोकांच्या डोक्यात राहिलं ते एकच चित्र: एकीकडे तलवारी उपसून धावणारे डोंगरी लोक, दुसरीकडे शिस्तीत बंदुका झाडणारे लाल डगलेवाले.

या शतकाच्या सुरुवातीला ग्लासगो विद्यापीठाच्या टोनी पोलार्ड यांच्या गटाने हा माळ मेटल डिटेक्टरने विंचरला. सापडल्या त्या मुख्यतः शिशाच्या गोळ्या. आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येतो.

सरकारी शिपायाच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीच्या नळीचा आतला व्यास १९ मिलिमीटर आणि तिच्यातली गोळी साधारण १७.५ मिलिमीटर. ही फट मुद्दाम ठेवलेली. काळी दारू जळली की नळीत काजळी साठते, चार-सहा बारांनंतर घट्ट बसणारी गोळी खाली उतरतच नाही. जॅकोबाइटांकडच्या बऱ्याच बंदुका फ्रेंच किंवा स्पॅनिश. त्यांची नळी १७.५ची, म्हणून गोळी साधारण १६ मिलिमीटरची. म्हणजे गोळी मोजली की ती कोणत्या घराण्याच्या बंदुकीतली ते कळायला हवं. अडचण अशी, की झाडलेली गोळी गोल राहत नाही. शिसं इतकं मऊ की दगडावर आपटलेली गोळी चपट्या बिब्ब्यासारखी होते. तिचा व्यास कुठून मोजणार?

मोजायचाच नाही. वजन करायचं. पागाच्या, म्हणजे मासे धरायच्या फेकजाळ्याच्या, कडेला ओवलेला शिशाचा एक मणी मी हातोडीने ठोकून पाहिला. पार पापडी झाली, पण सोनाराच्या काट्यावर आकडा तोच. आकार गेला, वस्तुमान राहिलं. शिशाची घनता घनसेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम. वजनाला घनतेने भागलं की घनफळ मिळतं. घनफळाला ६ने गुणून पायने (π, म्हणजे ३.१४ने) भागायचं आणि घनमूळ काढायचं, की ती गोळी गोल असताना केवढी होती ते मिळतं. ३२ ग्रॅमच्या चेपलेल्या तुकड्याचं उत्तर १७.५ मिलिमीटर, २४ ग्रॅमच्या तुकड्याचं १५.९. पहिली ब्राउन बेसच्या मापाची, दुसरी फ्रेंच मापाची.

यातली खरी गंमत घनमुळात आहे (आकडेमोडीचा कंटाळा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा). दोन गोळ्यांच्या व्यासात फरक जेमतेम ९ टक्के, पण वजनात २५ टक्के, कारण वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. उलट बाजूने पाहिलं तर वजनातली चूक व्यासापर्यंत येताना साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. समजा, अडीचशे वर्षांत गंजून आणि खरचटून ३२ ग्रॅममधला १ ग्रॅम गेला. काढलेला व्यास ०.२ मिलिमीटरनेही घटत नाही. सरकारी गोळी फ्रेंच वाटायला तिचं पाव वजन जावं लागेल. ओतताना आत राहिलेला हवेचा बुडबुडा किंवा शिशात मिसळलेलं कथील थोडा घोटाळा करतं, पण तोही याच घनमुळातून गाळून येतो.

एक पाचर मात्र वजनाने निघत नाही. प्रेस्टनपॅन्स आणि फॉलकर्क इथल्या विजयांत जॅकोबाइटांनी सरकारी बंदुका लुटल्या होत्या. त्यामुळे जड गोळी सरकारीच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणून प्रत्येक गोळीची जागा नकाशावर मांडतात आणि ती कोणाच्या फळीसमोर पडली ते पाहतात. एखादा हौशी माणूस गोळी खिशात घालून घरी नेतो तेव्हा नेमकी ही अर्धी माहिती जाते. इथे परवानगीशिवाय डिटेक्टर फिरवायला बंदी आहे ती यासाठीच.

गोळ्यांनी एवढं निश्चित दाखवलं, की जॅकोबाइटांनीही बंदुका भरपूर चालवल्या. कागद तेच सांगत होते. लढाईनंतर सरकारी फौजेने माळावरून २,३२० बंदुका गोळा केल्या आणि तलवारी फक्त १९०. पण तलवारीचं चित्र देखणं, त्यामुळे हिशेबाची वही कोण वाचतो! (याच डोंगराळ मुलखातून ब्रिटिशांनी पुढे पलटणी उभारल्या. त्यांतली ७८वी १८०३ साली आपल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभी होती.)

हाडांची गोष्ट वेगळी. हाडाचा कणखर भाग कॅल्शियम फॉस्फेटचा. तो आम्लधर्मी मातीत हळूहळू विरघळतो, आणि माळाची माती तशीच आहे. लोखंड गंजून फुगतं. शिशावर मात्र पांढुरका थर धरतो आणि आतला धातू बऱ्यापैकी राखतो.

माळावर पुरलेल्यांचे उंचवटे आहेत. घराण्यांची नावं कोरलेले दगड तिथे १८८१ साली बसवले, लढाईनंतर १३५ वर्षांनी. या उंचवट्यांवर हेदर उगवत नाही, कारण खाली शूरांचं रक्त आहे, असं अजून भक्तिभावाने सांगतात. हेदर हे निकस, आम्लधर्मी, न हललेल्या जमिनीचं झुडूप. उकरून रचलेल्या, राखलेल्या, रोज माणसं फिरतात अशा ढिगावर गवत जिंकतं. शूरांना त्यासाठी वेठीला धरायची गरज नाही.

काही गोळ्या तर चेपलेल्याच नाहीत. पूर्ण गोल, साच्याच्या सांध्याची रेघही शाबूत. त्या झाडल्याच गेल्या नाहीत. बंदूक भरताना हातातून निसटल्या असतील, किंवा पडलेल्या माणसाच्या पिशवीतून सांडल्या असतील. त्या दिवशी जॅकोबाइटांच्या तोंडावर बर्फमिश्रित पाऊस येत होता, बोटं बधिर असणार. गोळी काट्यावर ठेवली तर २४ ग्रॅम भरते, त्यापुढे काही बोलत नाही.