रक्ततपासणीचा अहवाल

शिरेतून घेतलेल्या रक्तातील ठरावीक घटक मोजून लॅबने दिलेले आकड्यांचे पत्रक म्हणजे रक्ततपासणीचा अहवाल. मुंबईत त्याला सर्रास ‘रिपोर्ट’ म्हणतात. सकाळी उपाशीपोटी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येतो, डॉक्टरांची वेळ मात्र दुसऱ्या दिवशीची असते, आणि मधल्या रात्री ठळक अक्षरांत छापलेला एखादा आकडा घरातल्या सगळ्यांना घोर लावतो. ही भीती बहुधा आकडा एकटा वाचल्यामुळे असते.

आकड्याशेजारी छापलेली संदर्भ मर्यादा ही आजार आणि आरोग्य यांच्यामधली सीमारेषा नव्हे. निरोगी माणसांच्या मोठ्या गटाची मोजणी करून त्यातील मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे पडतात, तो टप्पा साधारणपणे मर्यादा म्हणून घेतात. म्हणजे उरलेले ५ टक्के लोक निरोगी असूनही मर्यादेबाहेरच दिसणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकाच वेळी केल्या, तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. यंत्र व पद्धत बदलली की काही मर्यादाही बदलतात, म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या मर्यादेशी ताडून पाहू नये.

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, ही सर्वांत जास्त केली जाणारी आणि सर्वांत अर्धवट वाचली जाणारी तपासणी आहे. बहुतेकांची नजर हिमोग्लोबिनवर थांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ते प्रौढ पुरुषांत १३, गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ आणि गर्भवतींमध्ये साधारण ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. तो कशामुळे झाला हे खालच्या ओळी सुचवतात. समजा, एका स्त्रीचे हिमोग्लोबिन ९.८, तांबड्या पेशी ४२ लाख आणि पेशीचे सरासरी आकारमान (एमसीव्ही) ७२ आहे. दुसरीचे हिमोग्लोबिन १०.८, पेशी ५६ लाख आणि एमसीव्ही ६४. पहिलीत लोहाची कमतरता संभवते. दुसरीत पेशी लहान असूनही संख्येने भरपूर आहेत, तेव्हा थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य, वाहक अवस्थेची शंका घ्यायला हवी. एमसीव्हीला दशलक्षांतील पेशीसंख्येने भागल्यास पहिलीचा भागाकार सुमारे १७ व दुसरीचा ११.४ येतो; १३ पेक्षा कमी भागाकार थॅलेसेमियाकडे बोट दाखवतो, पण खात्री हिमोग्लोबिन ए२ (हिमोग्लोबिनचा एक उपप्रकार) मोजूनच होते. सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत या दोषाचे वाहक तुलनेने अधिक असल्यामुळे मुंबईत ही ओळ दुर्लक्षून चालत नाही. पती-पत्नी दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. लोहाची तपासणी न करता महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहिल्याने हा प्रश्न नुसता झाकला जातो.

रक्तगटाच्या ओळीलाही या शहराचा स्वतःचा संदर्भ आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट नुसत्या पेशींच्या नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ असाच दिसतो. त्या व्यक्तीचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींच्याही गुठळ्या करतो, हे तपासले तरच तो ओळखू येतो.

पावसाळ्यात, डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत, सगळे लक्ष प्लेटलेटवर जाते. त्यांची नेहमीची मर्यादा दीड ते साडेचार लाख आहे. डेंग्यूत प्लेटलेट वेगाने घसरत असताना हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे टक्केवारीतील प्रमाण) चढत जाणे, हे रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरत असल्याचे लक्षण असून ते अधिक काळजीचे असते. ताप वगैरे काहीच नसताना संख्या अचानक कमी आली, तर सीबीसीसाठी रक्त घेतात त्या जांभळ्या टोपणाच्या नळीत प्लेटलेट एकमेकींना चिकटून यंत्राने त्या कमी मोजल्या असण्याची शक्यता असते. अशा वेळी काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खातरजमा करतात.

एचबीए१सी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी पातळी सांगते. ५.७ ते ६.४ टक्के हा मधुमेहपूर्व टप्पा, तर ६.५ पासून पुढे मधुमेह मानतात. हा आकडा तांबड्या पेशींवरच अवलंबून असल्याने लोह कमी असल्यास तो वाढीव दिसू शकतो, आणि पेशी लवकर फुटत असल्यास फसवा कमी; म्हणून तो सीबीसीशेजारी ठेवूनच वाचावा.

जुने रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवावेत. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सुचवणारे क्रिएटिनिन वर्षभरात ०.७ वरून १.१ वर गेले, तर कित्येक लॅबच्या मर्यादेत दोन्ही आकडे बसतात आणि काहीच ठळक छापले जात नाही, तरीही तो बदल डॉक्टरांना दाखवण्याजोगा असतो.