घरसफाईची द्रव्ये व पाळीव प्राणी, कोकणातील

घरसफाईची द्रव्ये व पाळीव प्राणी, कोकणातील : घरातील जमीन, न्हाणी, संडास, भांडी व गुरांचा वाडा स्वच्छ करण्यासाठी वापरली जाणारी द्रव्ये मांजर, कुत्रा, गाय-म्हैस, शेळी, कोंबडी या सोबतच्या जनावरांना कितपत निर्धोक आहेत व त्यांतून निवड कशी करावी, हा या नोंदीचा विषय. पालघर ते सिंधुदुर्ग या पट्ट्यात या निवडीवर दोन स्थानिक गोष्टींचा प्रभाव पडतो : पाऊस आणि मासळी. दक्षिण कोकणात वर्षाला सरासरी ३,००० मिमी. वा त्याहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात पुसलेली लादी किंवा कोबा लवकर वाळत नाही. जनावर ओल्या जमिनीवरून चालते, मग पाय चाटते. घरगुती विषबाधेचा, विशेषतः मांजरांतील, एक प्रमुख मार्ग हाच होय.  मासे साफ केलेली जागा वास जावा म्हणून फिनेलने पुसली जाते आणि नेमकी तीच जागा मांजर चाटते.

फिनेल : बाजारात या नावाखाली दोन भिन्न द्रव्ये मिळतात. काळे फिनेल हे दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या आम्लांचे (फिनॉल, क्रेसॉल व त्यांचे वरचे सजातीय) साबणाच्या साहाय्याने केलेले मिश्रण असून पाण्यात टाकताच ते दुधासारखे पांढरे होते. पांढरे फिनेल मुख्यतः पाइन तेल व पायसीकारक द्रव्य (तेल पाण्यात मिसळविणारे) यांचे बनते. दोन्ही एकाच कामाची असली तरी त्यांचे रसायन वेगळे आहे आणि विक्रेते हा भेद क्वचितच सांगतात.

काळ्या फिनेलचे मूळ कोठे शोधावे, याबद्दल एकमत नाही. जर्मन रसायनज्ञ रुंगे यांनी १८३४ मध्ये डांबरातून कार्बॉलिक आम्ल (म्हणजेच फिनॉल) वेगळे केले. फ्रेंच रसायनज्ञ लॉरां यांनी १८४१ च्या सुमारास ते शुद्ध स्फटिकरूपात मिळविले. शस्त्रक्रियेत ते जंतुनाशक म्हणून वापरण्याचे श्रेय सामान्यतः ब्रिटिश शल्यविशारद लिस्टर यांना दिले जाते (१८६५). तथापि १८६७ च्या आपल्या लेखात लिस्टर यांनी स्वतःच नमूद केले आहे, की इंग्लंडमधील कार्लाइल गावाच्या सांडपाण्यात कार्बॉलिक आम्ल मिसळल्याने दुर्गंधी तर गेलीच, शिवाय त्या पाण्यावरील कुरणात चरणाऱ्या गुरांतील परजीवी कृमीही नाहीसे झाल्याचे सांगण्यात आले होते. म्हणजे या द्रव्याची पहिली ख्याती काही अंशी तरी गुरांच्या आरोग्यातून आली. दुसरीकडे फ्रान्समध्ये लमेर यांनी १८६० च्या आसपास सॅपोनिनाच्या (वनस्पतींतील साबणासारखे फेसाळणारे द्रव्य) साहाय्याने पाण्यात मिसळणारे डांबर वापरात आणले होते व आधी कोणी वापर केला हा वाद लिस्टर यांच्या हयातीतच उपस्थित झाला. इंग्लंडमध्ये जॉन जेज यांनी १८७७ मध्ये अशाच द्रवाचे एकस्व (पेटंट) घेतले. शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणारे लिस्टरपाशी थांबतात. परंतु पाण्यात पांढरे होणारे डांबर हेच फिनेलचे लक्षण मानले, तर लमेर-जेज ही परंपरा अधिक जवळची ठरते. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आल्यावर गटारे व घरे धुण्यासाठी कार्बॉलिक द्रव व चुना यांचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. चाकरमान्यांच्या ये-जा करण्यातून ही सवय कोकणातील घरांत पोहोचली असावी, असे मानणे सयुक्तिक दिसते.

काळ्या फिनेलची प्रत भारतीय मानक १०६१ नुसार ठरते व तीत रीडील-वॉकर गुणांकाला महत्त्व आहे. १९०३ मधील या पद्धतीत द्रव्याची जंतुनाशक शक्ती शुद्ध फिनॉलशी ताडून पाहतात. गुणांक मोठा म्हणजे द्रव्य जंतूंना अधिक घातक. प्राण्याला ते किती सोसेल, हे त्यावरून कळत नाही. ‘जास्त चांगल्या प्रतीचे’ फिनेल जनावरांसाठीही चांगले, ही समजूत म्हणून निराधार आहे.

मांजराची विशेष संवेदनशीलता : माणूस, कुत्रा व गाय यांचे यकृत फिनॉलवर्गीय द्रव्ये ग्लुकुरॉनिक आम्लाशी जोडून मूत्रावाटे बाहेर टाकते. मांजरात या जोडणीस लागणारे एक प्रमुख विकर (एंझाइम; नाव यूजीटी१ए६) तयारच होत नाही; त्याचे जनुक आहे, पण निकामी अवस्थेत. सल्फेटशी जोडण्याचा दुसरा मार्ग उरतो व तो थोड्याच मात्रेत अपुरा पडतो. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराला घातक ठरू शकते, त्याचे कारणही हेच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मार्जार कुलातील सर्व तपासलेल्या जातींत हा दोष आढळला. शिवाय तपकिरी तरस व उत्तरेकडील हत्ती सील यांतही. वनस्पतीतील फिनॉल आहारातून नाहीसे झाल्यामुळे जनुकाची गरज संपली, असे एक मत. प्राण्यांची संख्या आक्रसल्याने आकस्मिकपणे जनुक निकामी झाले, असे दुसरे. निव्वळ मांसाहारी अशा परस्परांपासून दूरच्या प्राण्यांत तोच दोष दिसतो, हे पाहता पहिल्या मताकडे कल जातो.

व्यवहारात याचा अर्थ असा, की काळे फिनेल, क्लोरोझायलेनॉलयुक्त तपकिरी जंतुनाशके (डेटॉल त्यांतील सर्वांत परिचित) आणि काही अंशी पाइन तेलही मांजर असलेल्या घरात टाळावीत. मांजराला आंघोळ घालताना पाण्यात झाकणभर जंतुनाशक घालण्याची पद्धत तर विशेष धोक्याची, कारण फिनॉल कातडीतूनही शोषले जाते. अमिश्र पाइन तेलाची मांजरातील किमान प्राणघातक मात्रा किलोमागे १ ते २.५ मिली. सांगितली जाते. गोमूत्रापासून केलेल्या फिनेलचा गेल्या दशकात पुरस्कार झाला. मध्य प्रदेश शासनाने जानेवारी २०२१ मध्ये सरकारी कार्यालयांत ते वापरण्याचा आदेश काढला. त्यातील पुष्कळ मिश्रणांत पाइन तेल असतेच. वेष्टनावर गाईचे चित्र आहे म्हणून ते मांजराला चालेल, असे नव्हे.

इतर द्रव्ये : सुगंधी लादी-द्रवांत हल्ली बहुधा बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक असते. मांजराने पायावरचा ओला थर चाटल्यास लाळ गळते, जिभेवर व्रण पडतात, ताप येतो. पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून, पुसून पुन्हा साध्या पाण्याचा हात फिरविल्यास धोका बराच घटतो. संडासाचे आम्ल (सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक) व ब्लीच एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो. मांजराच्या मुतावर सरळ ब्लीच ओतल्यास क्लोरामाइने. दोन्ही बंद न्हाणीत माणसालाही घातक. पावसाळ्यात कपाटांत व मोरीत ठेवल्या जाणाऱ्या डांबर गोळ्यांत नॅफ्थॅलीन असल्यास लाल रक्तपेशी फुटतात; कुत्र्याचे पिल्लू गोळी खेळणे समजून गिळते. मुंग्या-झुरळांचे खडू, गोचिडांच्या फवारण्या यांतील पायरेथ्रॉइडे (कृत्रिम कीटकनाशके) मांजराला व माशांना घातक. काजूच्या टरफलाचे तेल वाळवीसाठी लाकडाला लावतात. तेही फिनॉलवर्गीय असून ओले असताना कातडीला फोड आणते.

पारंपरिक द्रव्ये : शेणाचे सारवण रासायनिक दृष्ट्या निरुपद्रवी आहे. ते जंतुनाशक असल्याचा दावा मात्र सावधपणे घ्यावा. प्रयोगशाळेत काही अर्कांची क्रिया दिसली असली, तरी ताज्या शेणात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. आमसुलाने तांब्या-पितळेची भांडी उजळतात. आम्ल सौम्य असते, पण सुटलेला तांब्याचा क्षार धुऊन टाकल्याखेरीज त्या भांड्यात जनावराला पाणी ठेवू नये. चुलीची राख व काथ्या हे घासण्याचे साधन म्हणून ठीक. रिठ्याचे पाणी मांजर-कुत्र्याला सहसा बाधत नाही, माशांना मात्र सॅपोनिन मारक असते. निलगिरी व गवती चहाचे तेल लादीच्या पाण्यात घालण्याची चाल ‘नैसर्गिक’ म्हणून वाढते आहे. मांजराच्या घरात तिचे समर्थन करणे कठीण.

निवड : रोजच्या पुसण्यास साधा साबण किंवा भांड्याचे द्रव पुरेसे होते आणि मासळीच्या जागेला गरम पाणी व धुण्याचा सोडा. सौम्यतेचा अट्टहासही उपयोगाचा नाही. पार्वो (कुत्र्यांचा विषाणुजन्य आजार) झालेल्या पिल्लाच्या घरात व्हिनेगर निष्फळ ठरते, तेथे ब्लीचच हवे : १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात, १० मिनिटे ओले ठेवून, मग भरपूर पाण्याने धुऊन. जमीन वाळेपर्यंत जनावर पडवीत बांधावे. पावसात हे जमत नसेल, तर पुसण्याचे पाणी अधिक पातळ करून शेवटचे फडके कोरडे फिरवावे. गुरांच्या वाड्यात फिनॉलवर्गीय द्रव्ये टाळण्याचे वेगळे कारण म्हणजे दुधाला लागणारा वास. लाळ्या-खुरकुतीच्या साथीत धुण्याच्या सोड्याचे ४ टक्के द्रावण वापरतात. कोंबड्यांच्या खुराड्यात सुकी चुन्याची फक्की टाकतात.

विषबाधेत उलटी करवू नये. दाहक द्रव्य परत येताना घसा पुन्हा भाजते. अंगावरचे द्रव्य साध्या साबणाने धुवावे, चाटू देऊ नये, व वेष्टनासह पशुवैद्याकडे न्यावे.

विहिरी व गप्पी मासे : पावसाळ्यात ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक विहिरींत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकतात. ताज्या भुकटीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो, दमट हवेत तो उडून जातो. डासांसाठी सोडलेले गप्पी मासे अशा विहिरीत मरू शकतात, कारण क्लोरीन कल्ल्यांना इजा करतो; मासे ठेवलेल्या घरगुती टाकीत भरण्यापूर्वी हे पाणी एक दिवस उघडे ठेवावे लागते.